बाईला मत पडतं का? केजच्या आठ निवडणुका आणि तुमच्या काकूंची उमेदवारी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या तुमच्या गावात काकू पाच वर्षं सरपंच होत्या. तेव्हा जागा महिलांसाठी राखीव होती. आता ती खुली झाली आहे आणि पारावर एकच चर्चा आहे, "झालं की बाईचं, आता गडीमाणूस द्या." काकूंना मात्र पुन्हा उभं राहायचंय. तुम्ही विचारलंय, उमेदवार बाई आहे की पुरुष हे बघून लोक खरंच मत देतात का? आणि बायका बायकांना मत देतात का?

मी अंबाजोगाईला राहते. सव्वीस वर्षं झाली, बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत निवडून आलेल्या बायकांची प्रशिक्षणं घेते आणि निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव मतदारांशी बोलते. त्यातून माझं जे मत झालंय ते असं. मशीनसमोर उभं राहिल्यावर 'ही बाई आहे' म्हणून बटण न दाबणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच कमी असतात. बाईची मतं त्याच्या खूप आधी कापली जातात. पॅनलच्या बैठकीत कापली जातात, तिकीट ठरताना कापली जातात, आणि तिचं नाव बॅनरवर कसं छापायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं तेव्हाही कापली जातात. ज्या गावाने बाईला काम करताना पाहिलंय, त्या गावात 'बाईला जमेल का' हा प्रश्नच हळूहळू विरून जातो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या दारात आहे. अंबाजोगाई ज्या केज विधानसभा मतदारसंघात येतं, तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, महिलांसाठी नाही. तिथं १९९० पासून विमलताई मुंदडा सलग पाच वेळा निवडून आल्या, आधी भाजपकडून आणि नंतर राष्ट्रवादीकडून. त्या राज्याच्या आरोग्यमंत्रीही झाल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या आणि पोटनिवडणुकीत पृथ्वीराज साठे आले. २०१४ ला संगीता ठोंबरे निवडून आल्या, २०१९ आणि २०२४ ला नमिता मुंदडा. पोटनिवडणूक सोडली तर आठ सार्वत्रिक निवडणुका आणि आठही वेळा बाई. कुठल्याही कायद्याने तशी सक्ती केलेली नव्हती.

२०१४ ला तर दोन्ही प्रमुख उमेदवार बायकाच होत्या, संगीताताई आणि नमिताताई. तेव्हा मोंढ्यात एका हमालदादांना मी विचारलं होतं, "दोन्हीकडं बाईच आहे, मग बघणार काय?" त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, बाई हाय ते काय बघायचं? पक्ष बघू, माणूस बघू." माणूस हा शब्द त्यांनी बाईसाठी वापरला होता. ती गोष्ट मला त्या निवडणुकीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहिली. चोवीस वर्षांत त्या मतदारसंघाची नजर तेवढी सरावली होती.

आता कुणी म्हणेल, विमलताई एकच होत्या, त्यावरून नियम कसा काढायचा? बरोबर आहे. म्हणून मुंबईचा अभ्यास सांगते. मुंबई महापालिकेत १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२ ला खुले झाले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने अशा प्रभागांची तुलना राखीव नसलेल्या प्रभागांशी केली. आधी राखीव राहिलेल्या प्रभागात बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. तुमच्या काकूंची जागा नेमकी अशीच आहे, काल राखीव आणि आज खुली. पण पाचपट ऐकून हुरळून जाऊ नका. त्या प्रभागांतही साधारण पाचातल्या एकाच ठिकाणी बाई आली, बाकी चार ठिकाणी पुरुषच आले. कधीच राखीव नसलेल्या प्रभागांत मुळात आकडा इतका लहान होता की त्याच्या पाचपटही एवढाच भरला.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधला, पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी गावकऱ्यांना एका पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं. मजकूर अक्षरशः तोच, फक्त काहींना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला आणि काहींना बाईच्या. ज्या गावांत कधीच बाई प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, नव्हती, तिथं पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. जिथं आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिला होता, तिथं हा फरक जवळजवळ पुसला गेला. मात्र 'पुढारी पुरुषच असावा' ही मनातली आवड तशीच राहिली. म्हणजे लोकांची आवड बदलत नाही, पण बाईच्या कामाबद्दलचा अंदाज बदलतो. आणि त्या गावांत खुल्या जागेवर बायका लक्षणीय संख्येनं निवडून यायला लागल्या त्या आरक्षणाच्या दोन फेऱ्या झाल्यावर. काकूंच्या गावात एकच फेरी झालीय, हे डोक्यात ठेवा. काकू हरल्या तर त्यांचा कारभार वाईट होता असा अर्थ काढू नका.

आता आपल्या मराठवाड्याकडे येते, कारण इथलं चित्र मला काळजीत टाकतं. २००४ च्या लोकसभेत मराठवाड्याच्या आठ जागांपैकी तीन बायकांकडे होत्या. हिंगोलीत सूर्यकांताताई पाटील. लातुरात रूपाताई पाटील निलंगेकर, ज्यांनी १९८० पासून सलग सात वेळा जिंकलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना हरवलं. आणि तुमच्याच जिल्ह्यातून, तेव्हाच्या उस्मानाबाद मतदारसंघातून, कल्पनाताई नरहिरे. आठात तीन, तेही आरक्षणाशिवाय. वीस वर्षांनी, २०२४ ला, आठात एकही नाही. या वीस वर्षांत मराठवाड्याचा मतदार काही मागास झालेला नाही. मुली शिकल्या, पोरी एमपीएससी करून तहसीलदार झाल्या, पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. मतदार तोच किंवा जास्त समजूतदार आहे, आणि तरी आकडा तीनवरून शून्यावर आला. याचा अर्थ अडकाठी मतदाराच्या अलीकडे, उमेदवारी देणाऱ्यांच्या टेबलावर आहे. प्रमुख पक्षांच्या यादीत किती बायका होत्या ते बघा, उत्तर तिथंच मिळेल.

काही लोक उलट आकडा दाखवतात. २०२४ ला देशभरात आठ हजार तीनशेहून जास्त उमेदवारांत बायका आठशेच्या आसपास होत्या आणि त्यातल्या ७४ निवडून आल्या. म्हणजे शंभर बायकांमागे नऊ जिंकल्या आणि शंभर पुरुषांमागे सहा. यावरून 'बाईच जास्त चालते' असं सांगितलं जातं. हा हिशेब फसवा आहे. अनामत जप्त होणारे अपक्ष बहुतेक पुरुष असतात आणि ते पुरुषांची टक्केवारी खाली ओढतात. या आकड्यावरून एवढंच म्हणता येतं की बाईला उमेदवारी देणं म्हणजे जागा घालवणं नव्हे.

मतदाराच्या मनात बाई-पुरुष हा भेद येतो तरी कसा? इतक्या वर्षांत मला दिसलं ते असं की तो नात्याच्या वाटेनं येतो. पुरुष उमेदवाराबद्दल पहिला प्रश्न असतो, 'कुणाच्या गटाचा?' बाईबद्दल पहिला प्रश्न असतो, 'कुणाची कोण?' लेक आहे की सून, माहेर कुठलं, सासर कुठलं. बीडमध्ये केशरबाई क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ ला खासदार झाल्या. त्या सगळ्या जिल्ह्याच्या काकू होत्या, आजही लोक केशरकाकूच म्हणतात. २०१४ ला गोपीनाथ मुंडे गेल्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतमताई जवळपास सात लाखांच्या फरकानं निवडून आल्या. त्या मतदानाच्या दिवशी मी जिथं जिथं गेले तिथं लोक 'लेकीला' मत द्यायला आले होते. नात्यात बसलेली बाई लोकांना परकी वाटत नाही, हा तिचा फायदा. पण ज्या बाईमागे असं मोठं नाव नाही, तिला हा दरवाजा बंदच असतो. २०२४ च्या विधानसभेत मराठवाड्याच्या ४६ आमदारांत पाच बायका आहेत. त्यांपैकी भोकर, जिंतूर आणि कन्नडच्या आमदार राजकारणातल्या वडिलांच्या लेकी आहेत, आणि केजच्या नमिताताई विमलताईंच्या सून. मला यात त्यांचा दोष दिसत नाही, पुरुषांतही घराणी आहेतच. फरक असा की घराण्याबाहेरचा पुरुष कधीमधी आत शिरतो, बाईला तेवढीही फट मिळत नाही.

आणि एक कटू गोष्ट. ज्या बीडने इतक्या वेळा बाईला दिल्लीला पाठवलं, त्याच बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. बाईला मत देणं आणि बाईची किंमत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या मतदारसंघातून बाई निवडून आली म्हणजे तिथली माणसं बदलली, असं मी आता म्हणत नाही. पूर्वी म्हणायचे.

जिथं जातीचं ध्रुवीकरण तापलेलं असतं, तिथं बाई-पुरुष हा मुद्दा जवळपास दिसेनासा होतो. २०२४ च्या लोकसभेला पंकजाताई मुंडे बीडमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पडल्या. त्या काळात मी बीडमध्ये बरीच फिरले. 'बाई आहे म्हणून नको' असं मला कुणी सांगितलं नाही. सगळी चर्चा मराठा आरक्षणाची होती. गावातही तसंच होतं. काकूंच्या विरोधात उभा राहणारा माणूस मोठ्या भावकीचा असेल, तर काकू बाई आहेत की पुरुष याने फार फरक पडणार नाही, भावकीचं गणित आधी मांडावं लागेल.

बायका बायकांना मत देतात का? थेट सांगते, फक्त बाई म्हणून देत नाहीत. आणि का द्यावं? पण त्या नवरा सांगेल तिथंच देतात हेही तितकंच खोटं आहे. धारूर तालुक्यात एका घरी गेले होते. ओसरीवर घरमालकाने मला पंधरा मिनिटं सांगितलं, आमच्या घरातली सहा मतं कुठं जाणार आहेत ते. बायको मोरीपाशी भांडी घासत होती, तोंडातून शब्द नाही. मी निघाले, फाटकाबाहेर चप्पल घालत होते, तेवढ्यात ती ओल्या हातानं मागं आली आणि हळूच म्हणाली, "ते सांगतेत त्यांचं. माझं म्या ठरवलंय. पाणी कुणी आणलं ते मला ठावं हाय." अशा किती जणी भेटल्या याचा हिशेब मी ठेवला नाही, पण 'घरातली सहा मतं' असं कुणी सांगितलं की तेव्हापासून मी सहा धरत नाही. कागदी मतपत्रिकेच्या काळात कार्यकर्ते वाड्यावस्त्यांवर ओरडत जायचे, "ताई माई आक्का, विचार करा पक्का". त्यांनाही माहीत होतं की विचार स्वतंत्र होतो.

२०२४ ला तर बायकांच्या मताची ताकद सगळ्यांनी पाहिली. लोकसभेला देशात बायकांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित जास्त होती. मग महिना पंधराशे रुपयांची लाडकी बहीण योजना आली आणि विधानसभेला प्रत्येक पक्ष बहिणींशी बोलायला लागला. पण त्याच निवडणुकीत राज्यातल्या महिला आमदार २४ वरून २१ वर आल्या, २८८ पैकी. बायकांची मतं सगळ्यांना हवी आहेत, उमेदवार म्हणून बाई मात्र नको. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, हे मला विसरता येत नाही.

आता मुद्दा तुमच्या गावचा. बाई उभी राहिली की तिला जे प्रश्न विचारले जातात ते पुरुषाला कुणी विचारत नाही. "रात्री दोनला भांडण झालं तर ही ठाण्यात येणार का?" "तहसीलला कोण जाणार, ती का मालक?" बाई बैठकीत ठासून बोलली की लई तोंडाळ, गप्प राहिली की गरीब गाय, हिला काय जमतंय. तेच ठासून बोलणं गड्याचं असलं की धडाडीचं नेतृत्व. हे चूक आहे हे तुम्हाला आणि मला माहीत आहे, पण प्रचारात त्यावर भाषण देऊन मत मिळत नाही. उत्तर घडलेल्या गोष्टीनं द्यावं लागतं. तुम्ही लिहिलंय की टाकीचं काम अडलं तेव्हा काकू चार वेळा एकट्या एसटीनं पंचायत समितीत गेल्या आणि टाकी पूर्ण करून घेतली. ही गोष्ट किती घरांना माहीत आहे? माझा अनुभव असा की काम बाईनं केलं तरी गावात नाव नवऱ्याचं होतं. काकूंनी हे स्वतःच्या तोंडानं, तारखेसकट सांगितलं पाहिजे. बायकांना हे अवघड जातं, आपणच आपलं काय सांगायचं म्हणून त्या थांबतात. प्रशिक्षणात मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते.

सगळ्यात आधी पॅनलचं बघा. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, खरी उमेदवारी पॅनलप्रमुखाच्या ओसरीवर ठरते. २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, हे काकूंच्या बाजूचं आहे, कारण सदस्यांची मोट बांधण्यापेक्षा घरोघरी ओळख असणं इथं जास्त कामाला येतं. पॅनलप्रमुख म्हणेल, "वहिनी, तुम्ही वॉर्डातून सदस्य व्हा, वर आपला अमका." याला आत्ताच नाही म्हणायला हवं. एकदा हो म्हटलं की पुढच्या पाच वर्षांत सरपंचपदासाठी काकूंचं नाव कुणी काढणार नाही. बैठकीला काका जातील आणि काकू घरी चहा करतील असं होऊ देऊ नका. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बायका याच एका बैठकीत बाहेर पडल्या, कारण त्या तिथं नव्हत्या.

दुसरं म्हणजे नाव. लग्न होऊन आलेल्या बाईला गाव तिच्या कागदावरच्या नावानं ओळखत नाही. ती अमक्याची सून असते, पाटलाची धाकटी असते, बंडूची माय असते. यादीत आणि मशीनवर मात्र तिचं पूर्ण नाव येतं आणि म्हाताऱ्या माणसांना ते कुणाचं आहे हेच कळत नाही. एका गावात मी मतदानानंतर आजीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या अनुसयाचं नावच नव्हतं त्यात." नाव होतं, पण त्यांना अनुसया ठाऊक होती, कागदावरचं माहेरी ठेवलेलं नाव नाही. म्हणून पत्रकावर दोन्ही नावं छापा आणि शेजारी चिन्ह मोठं करा. बॅनरवर काकूंचाच फोटो हवा, एकटीचा, मोठा. काकांचा आणि नेत्यांचा लावायचा तर खाली छोटा. हा मानपानाचा विषय नाही. मतदाराने मशीनसमोर चेहरा आठवला पाहिजे, आणि तो चेहरा उमेदवाराचा असला पाहिजे.

बायकांशी बोलायला वेगळी सभा घेऊ नका. सभेला बायका येतात, मागं बसतात आणि उठून जातात. बचतगटाच्या हप्त्याच्या दिवशी जा, दळणाच्या गिरणीवर जा, संध्याकाळी नळाला पाणी येतं त्या वेळी जा. आणि 'मी बाई आहे, मला साथ द्या' असं बोलू नका. 'पाणी किती दिवसांआड येत होतं आणि आता किती दिवसांआड येतं' असं बोला.

तुमच्या गावातून ऊसतोडीला किती कोयते जातात ते मोजा. एक कोयता म्हणजे नवराबायको, दोन मतं. दिवाळीनंतर ही घरं कुलूप लावून जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. निवडणूक हंगामात लागली तर ही मतं कारखान्यावरून आणावी लागतात. ज्याच्याकडं गाडी आणि पैसा आहे तोच ती आणतो, आणि तो बहुधा पुरुष उमेदवार असतो. त्यातल्या बायका काकूंच्या असतील तर त्या जाण्याआधी भेटा, मुकादमाचा आणि त्यांचाही फोन नंबर घेऊन ठेवा, आणि मतदानाची तारीख कळली की काकूंनी स्वतः फोन करावा.

अजून एक. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर उभं राहता येत नाही, ही अट १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मांसाठी आहे. काकू एकदा निवडून आल्यात म्हणजे त्यांचा प्रश्न नसेल, पण पॅनलमध्ये दुसऱ्या बायका घेताना तपासा. किती मुलं व्हावीत हे ज्यांना कधी ठरवता आलं नाही, त्याच बायका या अटीनं बाद होतात, आणि ते छाननीच्या दिवशी कळतं.

अर्ज भरायला तहसीलला काका सोबत गेले तर चांगलंच. पण बाहेर आल्यावर लोक घोळका करतील, मोबाईल पुढं करतील आणि प्रश्न काकांना विचारतील. त्या वेळी काकांनी एक पाऊल मागं सरकून काकूंकडे बोट दाखवायचं, एवढं त्यांच्याशी आधी ठरवून ठेवा.